तीन लाखांत जुनी गाडी घेताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मी मेकॅनिक नाही, एजंटही नाही. अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर पार्ट हातात घेऊन त्यातली खोट शोधायची हेच पोटापाण्याचं काम. त्यामुळेच असेल, पण सिडकोत आमच्या गल्लीतल्या कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की रविवारी सकाळी फोन येतो, "दादा, जरा चला ना बघायला." तिथे जे प्रश्न हमखास निघतात ते इथे उत्तरांसह लिहून ठेवतोय. मी स्वतः एकदा चांगला फसलोय, तेही पुढे येईलच.

तीन लाख हातात आहेत. कितीपर्यंतची गाडी बघू?

अडीच-पावणेतीनच्या आतली. बाकीचे पैसे घरी ठेवायचे आणि ते आहेत हे विकणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. दहा वर्षांच्या गाडीला पहिल्या तीन-चार महिन्यांत काही ना काही लागतंच: चार टायर, बॅटरी, क्लच प्लेट, पुढचे शॉकअप. यातले दोन जरी एकदम निघाले तरी वीस-पंचवीस हजार गेले. शिवाय नाव चढवण्याचा खर्च आणि विमा. सगळे पैसे गाडीत घालून मग क्लचसाठी पतसंस्थेत जाणारे लोक मी पाहिलेत.

मग कोणती गाडी घेऊ?

मारुतीची वॅगनआर, १.० लिटरवाली, जी २०१० पासून आली. कंटाळवाणं उत्तर आहे, मला माहीत आहे. पण त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (वॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा) नसून चेन आहे, पार्ट नाशिकच्या द्वारका चौकापासून दिंडोरीपर्यंत कुठल्याही दुकानात मिळतात, आणि आई-वडिलांना चढउतार करायला दार उंच आहे. माणसं कमी आणि बजेट अजून बारीक असेल तर अल्टो ८००, ही २०१२ च्या ऑक्टोबरात आली. जरा ऐसपैस हवी असेल तर ह्युंदाईची ग्रँड आय१० (२०१३ पासून), पेट्रोल १.२. टोयोटाची इटिऑस लिवा दिसायला साधी, आतून तर फारच साधी; पण नीट ठेवलेली मिळाली तर डोळे झाकून नाही, उघडे ठेवून घ्या. होंडाची ब्रिओ बंद झाली, पण इंजिन गोड आहे. टाटाची टियागो २०१६ पासूनची. ग्लोबल एनकॅपच्या २०२० च्या क्रॅश चाचणीत तिला सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. घरात लहान मुलं असतील तर हा मुद्दा मी वजनात धरतो.

ज्या कंपन्या भारतातून गेल्या त्यांचं काय, हेही लोक विचारतात. शेव्हरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. यांच्या गाड्या स्वस्त मिळतात. फोर्ड फिगो चालवायला त्या किमतीतल्या कितीतरी गाड्यांपेक्षा चांगली वाटते. पण एखाद्या पार्टसाठी आठवडाभर थांबायची तयारी हवी, आणि पुन्हा विकताना हात आखडता घेऊनच गिऱ्हाईक येतं. घरात दुसरं वाहन असेल तरच हा सौदा करा.

आपल्या नाशिकच्याच प्लान्टमधून निघालेली महिंद्राची लोगन, पुढची व्हेरिटो, अजून रस्त्यावर बऱ्याच दिसतात. डिकी प्रचंड, बांधा दणकट. डिझेलमध्ये रेनोचं १.५ लिटरचं इंजिन आहे आणि त्याला टायमिंग बेल्ट आहे. "बेल्ट कधी बदलला?" याचं बिलासकट उत्तर मिळालं नाही तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिनाचं हेड उघडावं लागतं. जुनी सँट्रोसुद्धा बेल्टवालीच आहे.

एक मात्र मनापासून सांगतो: मॉडेलवर रात्र रात्र जागून चर्चा करण्यात अर्थ नाही. या किमतीत तुम्ही आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असता. वेळेवर ऑइल बदललेली ह्युंदाईची छोटी इऑन ही ऑइलची पट्टी कधी न पाहिलेल्या स्विफ्टपेक्षा केव्हाही बरी.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत असाल तर पेट्रोल.

हिशोब करून बघा. महिन्याला ६०० किलोमीटर, पेट्रोल गाडी लिटरला १६ देते, डिझेल २०. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९१ धरलं तर पेट्रोलचे साधारण ३,९४० होतात आणि डिझेलचे २,७३०. बचत महिन्याला बाराशे, वर्षाला साडेचौदा हजार. आता त्याच डिझेल गाडीचे इंजेक्टर गेले की दोन-तीन वर्षांची ही बचत एका बिलात जाते. आपल्या सातपूरला बॉशचा कारखाना आहे, जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात, मायको सर्कलचं नावही त्यावरूनच. तिथे डिझेलचे इंजेक्टर-नोझल बनतात. त्यामुळे नाशिकमध्ये डिझेलची जाणकार माणसं भरपूर आहेत, काम उत्तम होतं. स्वस्तात होतं असं मात्र नाही.

ज्यांना रोज सिन्नर किंवा पिंपळगाव करायचं आहे त्यांनी डिझेल जरूर बघावं.

सीएनजी शहरात परवडतो, पण तीन गोष्टी बघा. किट आरसीवर चढलेलं आहे का, विम्यात त्याचा उल्लेख आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालीय का. टाकीवरच्या पट्टीवर तारीख असते. बाहेरून बसवलेलं किट कागदावर नसेल तर ती गाडी स्वस्त नसते, बिनविम्याची असते. आणि कसारा घाट चार माणसं, सामान आणि एसी घेऊन चढताना सीएनजीवर गाडी दमते, तिथे पेट्रोलवर घ्यावीच लागते.

घ्यायची कुठून? मालकाकडून, एजंटकडून की मोठ्या शोरूममधून?

मालकाकडून मिळाली तर सोन्याहून पिवळं. त्याच्या घरी जायला मिळतं, गाडी कुठे उभी असते ते दिसतं, जमिनीवर ऑइलचा डाग आहे का तेही. कंपन्यांच्या सेकंड-हँड शोरूममध्ये किंमत जास्त असते पण कागदाची डोकेदुखी कमी. एजंट वाईट असतात असं नाही; त्याचा माल झटपट फिरला तरच त्याचं भागतं, एवढं लक्षात ठेवून बोलायचं.

"डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड वापर" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की नाशिकच्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून एकेकाने चाळीस गाड्या विकल्या असाव्यात.

बघायला जाण्याआधी फोनवर काय विचारू?

पाच मिनिटांत रविवार वाचतो. आरसीवर नाव कोणाचं? कितवा मालक? बँकेचा बोजा आहे का? विमा कधीपर्यंत, आणि मागच्या वर्षी क्लेम झाला का? शेवटची सर्व्हिसिंग कुठे? आणि अगदी शेवटी, सहज विचारल्यासारखं: "का विकताय?" याचं उत्तर तयार नसलेला माणूस जरा थांबतो.

गाडीचा नंबर घ्या आणि एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, बोजा बरंचसं तिथेच दिसतं. ई-चलन महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर कळतं, त्यासाठी चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात.

मीटर मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं?

मीटरकडे बघून कधीच नाही. क्लच पेडलच्या रबराकडे बघा. ४२,००० चाललेल्या गाडीचं रबर झिजून गुळगुळीत होत नाही. स्टिअरिंगची वरची कड, गिअरचा गोळा, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू, चढताना-उतरताना घासली जाणारी, या चार जागा खोटं बोलत नाहीत. नवं सीट कव्हर असेल तर ते वर करून बघा. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. २०१८ ची गाडी "तीस हजार चाललेली" आणि टायर मात्र २०२३ चे, मग पहिले टायर कुठे गेले?

अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगितला तर जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी मिळू शकतात. मालकाला सोबत घेऊन गेलात तर अधिक सोपं. मालक यायला तयार नसेल तर ते उत्तरच आहे.

ठोकलेली गाडी कशी ओळखायची?

छोटा टचअप सगळ्यांनाच असतो. आपल्या रविवार कारंज्यावर, मेनरोडवर गाडी चालवून ओरखडा नसेल तर मला उलट शंका येते. बघायचं ते सांगाड्याला मार लागलाय का.

दाराचं रबर बीडिंग हाताने ओढून काढा, निघतं आणि परत बसतं. खाली पत्र्यावर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. वाकडीतिकडी वेल्डिंगची रेघ किंवा जाड सीलंट थापलेलं दिसलं की थांबा. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे एप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि पुढचे बोल्ट बघा. बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत चला; जिथे लांबी (पुट्टी) भरलीय तिथे आवाज बद्द येतो. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि सालाची खूण असते, ती जुळली पाहिजे. एखादीच काच वेगळ्या सालाची असेल तर कारण विचारा. पुढची काच दगडाने फुटू शकते, त्यात काही नाही. मागच्या दाराची का फुटली?

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी?

इथे मी फसलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला होता, त्याच दिवसांत सांगली-कोल्हापूरही पाण्याखाली होतं. पुढच्या जानेवारीत मी एका एजंटकडून एक पांढरी हॅचबॅक घेतली. इतकी स्वच्छ, आत शाम्पूचा वास येणारी. मला त्या वासाचाच आनंद झाला होता. महिन्याभरात हॉर्न बंद. मग डावी पॉवर विंडो. मग चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागायचे आणि विझायचे. तीन ठिकाणी दाखवून झाल्यावर एका म्हाताऱ्या वायरमनने काही न बोलता ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिला. ओढत राहिला, पार शेवटपर्यंत. आपण बेल्ट लावतो तेवढाच भाग धुतलेला होता. आतला शेवटचा हातभर पट्टा चहाच्या रंगाचा, आणि त्याच्या कडेला वाळलेल्या गाळाची बारीक रेघ. त्याने नखाने ती खरवडली, माझ्या तळहातावर टाकली आणि म्हणाला, "साहेब, ही नदी आहे."

वर्षभरात ४५ हजार घालून मी ती गाडी तोट्यात विकली, आणि घेणाऱ्याला हे सगळं सांगून विकली, म्हणून तोटा जास्त झाला.

तेव्हापासून बघायला गेलो की सर्वांत आधी चारही बेल्ट पूर्ण ओढतो. मग स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यात हात फिरवतो. सीटच्या रुळांवर, सीटखालच्या बोल्टांवर गंज बघतो. कारच्या आत गंज यायचं तसं कारणच नसतं. कार्पेटची कड उचलून नाक जवळ नेतो. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का ते बघतो. सुगंधी गाडीची मला आता भीती वाटते.

इंजिन तपासताना काय बघू? मला त्यातलं काहीच कळत नाही.

कळायची गरज नाही, थंड इंजिन मागा. "सकाळी सातला येतो, माझ्या आधी गाडी चालू करू नका" असं आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर तळहात ठेवायचा. इंदिरानगरला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये डिसेंबरच्या थंडीत सात वाजता हात ठेवला तर बोनेट कोमट. मालक म्हणाले, "दूध आणायला गेलो होतो." डेअरी समोरच होती, इमारतीच्या गेटसमोर. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

थंड इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे. कोणीतरी मागे उभं राहून धूर बघायचा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टन रिंग किंवा वॉल्व्ह सीलचं काम. थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पेट्रोल गाडी पांढरा धूर सोडत राहिली तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केट बघायला लागेल. डिझेलमध्ये दाबल्यावर काळा ढग आला तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवा.

मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी हवा येते, ठीक. पण धुराचे भपके येत असतील, झाकण उलटं ठेवल्यावर नाचून खाली पडत असेल, तर याला आपले गॅरेजवाले 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. म्हणजे इंजिन झिजलंय. झाकणाच्या आत दह्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्या. कूलंटच्या बाटलीत हिरवं किंवा गुलाबी दिसायला हवं, गढूळ तांबडं नको. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नका.

टेस्ट ड्राइव्ह कुठे घेऊ?

कॉलनीला एक फेरी मारून काही कळत नाही. किमान अर्धा तास, आणि रस्ते तीन प्रकारचे हवेत. आधी गर्दी: द्वारका चौकातून संध्याकाळी गाडी काढा, एसी पूर्ण ठेवून. तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर कूलिंगमध्ये गडबड आहे. मग हायवे: ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंग असू शकतं, स्वस्तात सुटतं, ब्रेक दाबल्यावर थरथरलं तर डिस्क. हात क्षणभर सैल सोडून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. शेवटी खड्डे, त्यासाठी मात्र कुठे जायचं हे नाशिककराला सांगायला नको. काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून हळू चालवा. 'खट' आला तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा बुश, 'धप' आला तर शॉकअप.

क्लचची परीक्षा चढावर. उड्डाणपुलाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी तेवढीच चालली, तर प्लेट घसरतेय. वणीच्या गडाला नांदुरीचा घाट चढताना हे कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

मेकॅनिकला न्यायलाच हवं का?

हो. पाचशे-हजार रुपये द्या आणि त्याला उगाच प्रत्येक गाडीला मिरवत नेऊ नका, आधी तुम्ही बघा, पसंत पडली तरच त्याला बोलवा. तो एजंटचा ओळखीचा नसावा.

टॅक्सी म्हणून चाललेली गाडी प्रायव्हेट करून विकतात, ती घ्यावी का?

मी घेणार नाही. दोन-अडीच लाख किलोमीटर सहज झालेले असतात. पिवळी पाटी पांढरी केली तरी आरसीच्या नोंदीत ते कळतं. डिझायर टूरसारख्या गाडीला ८० वर वेग अडवणारं यंत्र असतं. हायवेला गाडी ८० ला अडली तर विचारा.

दिल्लीची गाडी लाखभर स्वस्त मिळतेय...

दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, म्हणून तिकडचा माल इकडे येतो. गाडी वाईट असतेच असं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) हवी, इथे पुन्हा नोंदणी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावाच लागतो. हे सगळं जमेला धरलं की लाखाचे पंचवीस-तीस हजार उरतात, आणि हेलपाटे वेगळे. एमएच-१५ मध्येच शोधा, नाहीतर शेजारची मालेगावची एमएच-४१ घ्या.

कागदपत्रं कोणती, आणि नाव कसं चढवायचं?

गाडी बघताना आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. तो कुठे बोनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असतो, कुठे सीटखाली. त्याभोवतीचा पत्रा खरवडलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर तिथूनच परत फिरा.

राज्यातल्या राज्यात विक्रीला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो, आपलं कार्यालय पेठ रोडला. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. "हप्ते संपलेत, एनओसी नंतर देतो" यावर इसार देऊ नका. नंतर म्हणजे कधीच नाही.

इसार कमीत कमी द्या, पाच-दहा हजार, आणि साध्या कागदावर का होईना पावती करा: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, उरलेली रक्कम, कागदात खोट निघाली तर इसार परत. बाकी पैसे बँकेतून, आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्या वेळेआधीचं चलन त्यांचं, नंतरचं तुमचं.

हे विकणाऱ्यांसाठीही सांगतो, कारण आज घेणारा उद्या विकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हात बदलून गेलेली असो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मोटार विकून चार वर्षं झाली होती आणि नोटीस त्यांच्या घरी आली. तेव्हा "सहीचे फॉर्म देऊन ठेवतो, तुम्ही सावकाश चढवा नाव" हा मोठेपणा दाखवू नका.

विमा आपोआप माझ्या नावावर होतो का?

थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा, भाग कायद्याने तुमच्याकडे येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. दोन महिन्यांनी ठोकल्यावर पळापळ करणारे बरेच. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे "पन्नास टक्के बोनस चालू आहे" म्हणून कोणी किंमत वाढवत असेल तर हसून सोडून द्या.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ ला ठरलेले दर हजार सीसीपर्यंत २,०९४ आणि हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी.

पंधरा वर्षं झालेली गाडी महाराष्ट्रात चालते का?

चालते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पण एप्रिल २०२२ पासून ते शुल्क कारसाठी ६०० वरून ५,००० झालं, शिवाय पर्यावरण कर. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च तुमच्याच गळ्यात येणार आहे हे धरून भाव करा.

ऑटोमॅटिक घेऊ का? गुडघे दुखतात.

गुडघ्यांसाठी घ्या. पण सुरुवातीच्या एएमटी (यंत्राने आपोआप क्लच दाबून गिअर बदलणाऱ्या) गाड्यांचं क्लचचं यंत्र महागात पडतं, तेव्हा गर्दीत रांगताना झटके येतात का बघा.

भाव कसा करायचा?

पितृपक्षात. हसू नका, खरं सांगतोय. त्या पंधरवड्यात कुणी गाडी घेत नाही, एजंटकडे फोन वाजत नाही, आणि पुढे लगेच दसऱ्याची गर्दी येणार म्हणून जागा मोकळी करायची असते. तुमची श्रद्धा असेल तर बोलणी त्या दिवसांत करा, डिलिव्हरी नवरात्रात घ्या. उलट गुढीपाडवा, अक्षय्य तृतीयेला घासाघीस विसरा. आणि कांद्याला भाव आहे अशा मोसमात निफाड-लासलगावकडचं गिऱ्हाईक रोकड घेऊन उभं असतं, तेव्हा आपल्या पगारदाराचं काही चालत नाही.

दुसरा मुद्दा नव्या गाड्यांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या जुन्या गाडीला जुन्याच हिशोबाने किंमत सांगत असतील तर आधी नवीचा आजचा दर विचारून या.

बोलताना "महाग आहे" म्हणू नका, त्याला उत्तर नसतं. "पुढचे दोन टायर गेलेत, एसी खालच्या स्पीडला थंड करत नाही, लिंक रॉड वाजतोय" असं कागदावर लिहून समोर ठेवा. मी तर कारखान्यातल्या सवयीने तपासणीचा तक्ताच करतो. समोरचा वैतागतो, पण आकडा खाली येतो.

कर्ज काढून घेऊ का?

शक्यतो नको. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो. उदाहरणार्थ तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता साधारण १०,२५० आणि व्याज सुमारे ६९ हजार. तेवढ्या व्याजात सहा महिने थांबून बरी गाडी येते.

गाडी घरी आली. आता पहिल्या आठवड्यात काय?

नारळ फोडून झाला की इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका. "परवाच बदललंय" यावर विश्वास ठेवायचा नाही, आजची तारीख तुमच्या वहीत पहिली. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल धरून बनलेल्या नाहीत, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा दाखवून घ्या. स्टेपनीची हवा, जॅक आणि पाना आहे का बघा. जुनी नंबरप्लेट असेल तर हाय सिक्युरिटी प्लेट लावून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यावी लागते.

आणि फास्टॅग. काचेवरचा जुना स्टिकर जुन्या मालकाच्या खात्याचा असतो. त्यांच्याकडून तो बंद करून घेऊन तुमचा नवा काढा. मी दुसरी गाडी घेतली तेव्हा एवढंच विसरलो होतो. पहिल्याच मुंबई फेरीला घोटीच्या टोलवर दांडी वर गेली, आम्ही खुशीत निघालो, आणि दोन मिनिटांत जुन्या मालकांचा फोन: "काय, इगतपुरीला निघालात वाटतं?"